पेशीतलं चाक आणि मोजणीचा प्रश्न

मंडळी, कोळवणात बोलायचं म्हणून बैलगाडीच्या चाकापासून सुरुवात करतो. सुतार आरे मोजून बसवतो. आपल्या पेशीतही एक सूक्ष्म चाक तयार होतं, नऊ आऱ्यांचं. तिथे सुतार नाही. मग मोजतं कोण? याचं उत्तर मिळायला सव्वाशे वर्षं लागली.

१८८८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी विभागणाऱ्या पेशीतल्या एका ठिपक्याला सेंट्रोसोम नाव दिलं. त्याच्या आत असते सेंट्रिओलची जोडी. पेशी दुभंगण्याआधी प्रत्येक जुन्या सेंट्रिओलशेजारी एकच नवं तयार होतं. एकच का? बोव्हेरींनी सी-अर्चिन या काटेरी समुद्री जीवाच्या अंड्यात दोन शुक्राणू शिरले तर काय होतं ते पाहिलं. सेंट्रोसोम जास्त झाले, गुणसूत्रांची वाटणी बिघडली, गर्भ बहुतेक वेळा नीट वाढलाच नाही. १९१४ मध्ये त्यांनी कर्करोगाचं मूळही अशाच बिघडलेल्या वाटणीत असेल, असं मांडलं.

पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सेंट्रिओलच्या भिंतीत नळ्यांचे नऊ गट दिसले. पण नऊच का, हे चित्र पाहून कळत नव्हतं. त्यासाठी प्रथिनाचा आकार बघावा लागला. २०११ मध्ये स्वित्झर्लंड आणि केंब्रिजमधल्या दोन गटांनी सास-६ या प्रथिनाची रचना उलगडली. याचे दोन रेणू शेपटीने एकमेकांना बिलगतात, तोच झाला आरा. डोकी शेजारच्या जोडीच्या डोक्यांना जुळतात, साधारण ४० अंशांच्या कोनात. आता हिशेब करा, नऊ वेळा ४० म्हणजे ३६०. चाक पूर्ण! अर्थात एकटं सास-६ पुरत नाही, इतर प्रथिनंही हातभार लावतात.

आणि ‘एकच’ कसं? २००५ मध्ये कळलं की पीएलके-४ हे प्रथिन कमी पडलं तर नवं सेंट्रिओल होत नाही, जास्त झालं तर एका जुन्याभोवती अनेक उगवतात. म्हणून पेशी त्याला आवरते, तेही त्याच्याच रचनेतून. पीएलके-४ चे दोन रेणू जोडी करतात, एकमेकांवर फॉस्फेटची खूण करतात, आणि खूण झालेला रेणू पेशी मोडीत काढते. वाढला की स्वतःच घटतो!

अनेक कर्करोगांत सेंट्रिओल जास्त आढळतात. पीएलके-४ ला रोखणाऱ्या औषधाच्या रुग्णांवर चाचण्याही झाल्या आहेत. बोव्हेरींची शंका आज दवाखान्यापर्यंत पोचली आहे.

तर मंडळी, मोजणारा कोणी नाही. मोजणी आकारातच आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.