४ जून १९४० : चर्चिल यांचे भाषण, नऊ वर्षांनंतरचा आवाज

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या डंकर्कच्या वेढ्यातून मित्रराष्ट्रांचे सुमारे ३ लाख ३८ हजार सैनिक सुटून आल्यावर ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी या दिवशी कॉमन्स सभागृहात किनाऱ्यांवर लढण्याचे ते गाजलेले भाषण केले. सभागृहात ध्वनिमुद्रण होत नसे. रात्री बीबीसीच्या निवेदकाने उतारे वाचले. म्हणजे देवळाली कॅम्पातल्या गोऱ्या शिपायाने रेडिओला कान लावला असता, तरी चर्चिल यांचा आवाज त्याला मिळालाच नसता. आज सर्वत्र वाजते ते मुद्रण १९४९ सालचे. युद्ध कधीच संपले होते आणि बोलणारा पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर होता.