छोटानागपुरातील जमीन आणि सुवार्ता

महोत्सवाच्या पुस्तिकेत आपल्या मंदिराचा पाया कोणी घातला, घंटा कोणी अर्पण केली, पहिले धर्मगुरू कोण, ह्या गोष्टी यावयाच्याच. त्या प्रस्तुत पुस्तिकेतही अन्यत्र आल्या आहेत. तथापि आपल्या श्रद्धेचा वारसा मोजावयास बसलो असता दुसऱ्या एखाद्या मुलखातील ख्रिस्तसभेची जन्मकथा शेजारी ठेवून पाहणे हितकर असते, असे आम्हांस वाटते. वसई-साष्टीकडील आपल्या पुष्कळ घराण्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार पोर्तुगीज अमदानीत केला. तो कोणत्या कारणाने केला, हे आता घरोघर कोणी विचारीत बसत नाही. परंतु ह्याच देशात असे लाखो ख्रिस्ती बांधव आहेत की ज्यांना हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे: तुम्ही देवासाठी आलात, की जमिनीसाठी? हे बांधव म्हणजे छोटानागपूरचे मुंडा, उरांव व खडिया लोक होत. त्यांची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

छोटानागपूर हे सालवृक्षांच्या अरण्यांनी भरलेले डोंगरी पठार. त्याचा मध्यभाग म्हणजे रांची. आज हा प्रदेश मुख्यतः झारखंड राज्यात मोडतो. ज्या काळाची गोष्ट आम्ही सांगत आहो त्या काळी तो बंगाल इलाख्यात होता, आणि १९०७ पर्यंत रांचीस आगगाडी पोहोचलेली नव्हती. ह्या पठारावरील अरण्य प्रथम ज्यांनी तोडले, तेथे गाव वसविले व भाताची खाचरे काढली, त्या मूळ कुळांची ती भूमी, असा मुंडा लोकांचा प्राचीन परिपाठ. ह्या हक्कास ते खुंटकट्टी म्हणतात. गावच्या प्रमुखास मुंडा आणि अनेक गावांच्या प्रमुखास मानकी अशी नावे आहेत. परंतु ह्यांपैकी कोणीही जमिनीचा धनी नव्हे. जमीन कुळाची. आणि ह्याचा पुरावा काय? तर गावाबाहेरच्या सासनदिरी, म्हणजे पूर्वजांच्या अस्थींवर ठेवलेल्या प्रचंड शिळा. ज्याच्या पूर्वजांच्या शिळा त्या गावी आहेत, त्याची ती भूमी. कागदाचा तुकडा नाही, मोहोर नाही, सही नाही. इंग्रजी कचेरीत अशा पुराव्याची काय संभावना झाली असेल, हे वाचकांस सांगावयास नकोच.

छोटानागपूरच्या राजांनी आपले आश्रित, भाऊबंद व दरबारी ह्यांस गावेच्या गावे जहागीर म्हणून तोडून दिली. त्यांच्या पाठोपाठ ठिकादार आले. म्हणजे ठराविक मुदतीचा मक्ता घेऊन त्या मुदतीत जेवढे पिळून काढता येईल तेवढे काढणारे. ह्या बाहेरच्या लोकांस आदिवासी दिकू म्हणत. दिकूंनी प्रथम सारा बसविला, मग तो वाढविला, मग त्यावर नानाविध पट्ट्या चढविल्या. सर्वांत जाचक म्हणजे बेठबेगारी. आपल्याकडच्या वेठबिगारीशी परिचय असणाऱ्या वाचकांस ती निराळी समजावून देण्याचे कारण नाही. पेरणीच्या ऐन दिवसांत स्वतःचे शेत तसेच टाकून जमीनदाराच्या शेतात फुकट नांगर धरावयाचा. त्याचे ओझे वाहावयाचे. आणि आपल्या शेतास उशीर होऊन पीक बुडाले तर साऱ्यासाठी त्याच्याच दारी कर्ज काढावयाचे. फिर्याद करावी तर कचेरीची भाषा परकी, वकिलाची फी अवाच्या सवा, आणि साक्षीदार जमीनदाराचे मिंधे.

१८६९ साली सरकारने उरांव-मुंडांच्या भुइंहारी जमिनी मोजून नोंदविण्यासाठी एक कायदा केला खरा. परंतु त्याने जुन्या हक्कांचा एक भागच पदरात पडला आणि खुंटकट्टीचा मूळ प्रश्न तसाच राहिला. पुढे ‘सरदार’ म्हणविणारे पुढारी अर्जांमागून अर्ज करीत राहिले.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. ह्या लोकांत प्रथम आले ते आमचे कॅथलिक धर्मगुरू नव्हेत. गॉस्नर ह्यांनी पाठविलेले जर्मन लुथरपंथी मिशनरी १८४५ सालीच रांचीस पोहोचले होते, आणि १८५० साली चार उरांवांनी त्यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. शाळा, मुद्रण, भाषांचा अभ्यास ह्या बाबतींत त्यांची कामगिरी मोठी आहे. कॅथलिक कार्याचा आरंभ फादर स्टॉकमन ह्या बेल्जियन येशूसंघीयाने चाईबासा येथे केला, आणि १८७३ साली खुंटपाणी गावी २८ मुंडांस त्यांच्या हातून बाप्तिस्मा मिळाला. त्यानंतर बारा वर्षे काम मुंगीच्या पावलांनी चालले होते.

१८८५ च्या मार्चमध्ये फादर कॉन्स्टंट लिव्हन्स रांचीजवळ डोरंडा येथे आले. बेल्जियमच्या फ्लांडर्स प्रांतातील मूर्सलेडे नावाच्या खेड्यात ११ एप्रिल १८५६ रोजी त्यांचा जन्म झाला होता. १८८० साली ते हिंदुस्थानात आले आणि १८८३ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. डोरंड्यास आले तेव्हा वय अवघे २८ वर्षांचे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी रांचीच्या दक्षिणेस तोरपा येथे बिऱ्हाड केले. ह्या तरुणाने जाताच प्रवचनांचा सपाटा लावला असता तर त्याचे नाव आज कोणी घेतले नसते. त्याने प्रथम ऐकून घेतले. गावोगाव घोड्यावरून हिंडत, हिंदी, मुंडारी व उरांवांची कुड़ुख ह्या भाषांत त्याने लोकांची गाऱ्हाणी ऐकली, आणि त्यास कळून चुकले की ह्या लोकांच्या प्रत्येक दुःखाचे मूळ एकच, ते म्हणजे जमीन. मग त्याने कुळांचे कायदे, तेथील वहिवाट व कचेरीचे दस्तूर ह्यांचा कसून अभ्यास केला.

त्याचा उपदेश साधा होता. कायद्याने देणे लागतो तो सारा चुकता करा, त्याची पावती घ्या, आणि बेकायदेशीर बेगारीस नकार द्या. खटला उभा राहिला तर कागद तो स्वतः पाही आणि वकील गाठून देई. पावती ही केवढी मोठी वस्तू आहे हे ज्याच्याकडे कधी पावतीच नव्हती त्यास विचारावे! तोवर सारा भरला काय किंवा न भरला काय, जमीनदाराच्या वहीत जे लिहिले असेल तेच खरे. कचेरीत आदिवासी कुळे खटले जिंकू लागली, तशी बातमी डोंगरांपलीकडे पसरत गेली. गावेच्या गावे पंचाईत भरवून ठराव करीत व लिव्हन्ससाहेबांकडे माणसे पाठवीत. १८८८ साली ते रांचीस येऊन सर्व कार्याचे प्रमुख झाले, आणि लवकरच पश्चिमेकडील बरवे ह्या उरांव मुलखात तर लोकांचा असा लोंढा उसळला की बाप्तिस्मा देता देता धर्मगुरूंचे हात थकले. त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस मिशनच्या परंपरेत ८०,००० हा आकडा सांगतात. त्यात बाप्तिस्मा झालेले व धर्मशिक्षण घेत असलेले असे दोन्ही धरलेले असतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे लोक जमिनीसाठी आले, असे त्या काळच्या जमीनदारांनी म्हटले, सरकारी अंमलदारांनी म्हटले, आणि काही ख्रिस्ती मंडळींनीही म्हटले. ह्या आरोपात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पुष्कळजण खटल्यातील साहाय्याच्या आशेने आले, ह्यात शंका नाही. सरदारांपैकी काहींनी आधी लुथरपंथीयांकडे व मग कॅथलिकांकडे आशेने पाहिले, आणि दोन्हीकडे सर्व मागण्या पुऱ्या होत नाहीत असे दिसताच पाठ फिरविली. जमीनदारांच्या व अंमलदारांच्या दडपणापुढे अनेक गावे डळमळली, आणि लिव्हन्स परतल्यावर गळतीही झाली. घाईने दिलेल्या बाप्तिस्म्याची ही किंमत होती, असे म्हणणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही.

परंतु देवासाठी की जमिनीसाठी, हा प्रश्नच मुंडा माणसाच्या तोंडचा नव्हे. ज्याची मालकी पूर्वजांच्या शिळेवर उभी आहे, ज्याच्या गावाची पूजास्थाने त्याच अरण्याच्या राखलेल्या तुकड्यात, सरणात आहेत, त्याची जमीन गेली म्हणजे पितर गेले, उत्सव गेले आणि प्रार्थनेची जागाही गेली. त्यास जमीन आणि देव अशी दोन खाती ठाऊक नव्हती; ती आमच्यासारख्या नगरवासीयांनी पाडली. अशा माणसाच्या शेताची वाट लागत असता त्यास केवळ आत्म्याच्या तारणाविषयी सांगणे म्हणजे बुडत्यास काठावरून पोहण्याचे नियम वाचून दाखविणे होय. लिव्हन्सने ते केले नाही.

अतिश्रमाने त्यास क्षयाने गाठले. १८९२ साली त्यास स्वदेशी परतावे लागले, आणि ७ नोव्हेंबर १८९३ रोजी लूव्हेन येथे, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्याचा अंत झाला. त्याच्या मृत्यूस शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९३ साली, त्याचे अवशेष रांचीस आणून तेथील सेंट मेरी महामंदिरात ठेवण्यात आले.

एका माणसाच्या तेजाने पेटलेले काम तो गेल्यावर विझते, हा जगाचा अनुभव. ते विझले नाही ह्याचे श्रेय पुष्कळ अंशी फादर योहान हॉफमन ह्या जर्मन येशूसंघीयास आहे. ते मुंडा मुलखात सर्वदा येथे राहत. लिव्हन्स वीज होते तर हॉफमन जातेच म्हणावे. सावकाश, अखंड दळणारे. १९०३ साली त्यांचे मुंडारी व्याकरण प्रसिद्ध झाले. पुढे ‘एन्सायक्लोपीडिया मुंडारिका’ हा मुंडांच्या भाषेचा, चालीरीतींचा व श्रद्धांचा अनेक खंडांचा कोश त्यांनी सिद्ध केला.

पण त्याआधी एक भयंकर प्रसंग येऊन गेला. १८७५ साली जन्मलेला बिरसा मुंडा हा चाईबासाच्या जर्मन मिशनच्या शाळेत काही काळ शिकला होता. पुढे मिशन सोडून त्याने आपल्या लोकांस नवा धर्म व स्वराज्य ह्यांची हाक दिली. १८९९ च्या नाताळात त्याच्या अनुयायांनी उठाव केला, त्या वेळी सर्वदा येथील मिशनवरही बाण सुटले. ९ जानेवारी १९०० रोजी सैल रकाबच्या टेकडीवर सरकारी फौजेने गोळीबार केला. बिरसा पकडला गेला आणि ९ जून रोजी रांचीच्या तुरुंगात वारला. आज त्याच्या जन्मदिनी, १५ नोव्हेंबरास, झारखंड आपला स्थापनादिन पाळतो. ख्रिस्ती वाचकाने ह्या प्रसंगाकडे डोळेझाक करू नये. मिशनने न्यायालयाची वाट दाखविली होती. ती वाट फार लांबची, आणि न्यायालय राज्यकर्त्यांचे होते. ज्यांचा धीर सुटला त्यांना मिशनरी व अंमलदार एकाच रंगाचे दिसले.

हॉफमन ह्यांनी मात्र त्या बाणांचा राग मुंडांवर काढला नाही. जमिनीच्या नव्या मोजणीच्या वेळी त्यांनी मुंडांची भूमिव्यवस्था सरकारास तपशीलवार समजावून दिली, आणि १९०८ साली जो छोटानागपूर कुळकायदा झाला त्यात खुंटकट्टी हक्कास ठाम मान्यता मिळाली. आदिवासीची जमीन बाहेरच्याच्या हाती जाण्यास बंधने पडली. शिळेचा पुरावा अखेर कागदावर उतरला.

कायदा झाला तरी सावकार उरतोच. म्हणून १९०९ साली हॉफमन ह्यांनी छोटानागपूर कॅथलिक सहकारी पतपेढी काढली. मूठमूठ धान्य व पैपैसा गोळा करून गावोगाव गट बांधावे, पेरणीस व अडीनडीस आपल्यातच कर्ज द्यावे, आणि ज्या त्या गावच्या माणसांनीच आपला हिशेब पाहावा, अशी तिची रचना. १९१३ साली सहकारी भांडारही निघाले. आमच्या मते छोटानागपूरच्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात ह्या पतपेढीच्या चोपड्यांना बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांइतकाच मान असावा.

पहिल्या महायुद्धात हॉफमन जर्मन म्हणून १९१५ साली ह्या देशातून हद्दपार झाले. ते परत आलेच नाहीत, आणि १९२८ साली जर्मनीत वारले. आपल्या महाराष्ट्रासही त्या युद्धाची हीच झळ लागली होती. १९०३ साली केंदळ येथे ‘निरोप्या’ सुरू करणारे फादर डोरिंग पुढे पुण्याचे महागुरू झाले; त्यांनाही आपल्या धर्मप्रांतात परतण्यास मनाई झाली आणि काही वर्षे जपानात हिरोशिमा येथे काढावी लागली. ते सुदैवाने १९२७ साली पुण्यास परत आले.

परदेशी धर्मगुरूंचीच नावे घेऊन थांबलो तर आम्ही इतिहास अर्धाच सांगितला असे होईल. रांचीस लोरेटो भगिनींच्या शाळेत शिकणाऱ्या बर्नादेत किस्पोट्टा व तिच्या तीन मैत्रिणी सेसिलिया, व्हेरोनिका व मेरी ह्या उरांव मुलींनी लग्न न करता देवाची व आपल्या लोकांची सेवा करण्याचा निश्चय केला. घरच्यांचा विरोध झाला. आदिवासी मुलींस व्रतस्थ जीवन झेपेल काय, अशी शंका गोऱ्या धर्मगुरूंसही होती. मुलींनी माघार घेतली नाही. २६ जुलै १८९७ रोजी ‘डॉटर्स ऑफ सेंट ऍन’ हा संघ स्थापन झाला. खेड्यापाड्यांतील शाळा व दवाखाने ह्या भगिनींनी चालविले, आणि तेही घरच्या भाषेत. मदर बर्नादेत १९६१ पर्यंत हयात होत्या. त्यांच्या बरोबरीने गावोगावच्या उपदेशकांचे स्मरण केले पाहिजे. धर्मगुरू महिन्यातून एकदा येई. उरलेले दिवस प्रार्थना चालविणारा, मुलांस शिकविणारा, भांडण मिटविणारा हाच. त्यांची नावे बहुतेक कोठेच छापली गेली नाहीत.

१९२७ साली रांची स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याच मातीतून आलेले तेलेस्फोर टोप्पो २००३ साली कार्डिनल झाले. आशियातील आदिवासींपैकी ते पहिले. २०२३ साली ते निवर्तले. दरम्यान पोट भरण्यासाठी लोक आसामच्या चहामळ्यांत गेले, १९१८ पासून अंदमानच्या जंगलतोडीवर गेले. तेथे त्यांस आजही रांचीवाले म्हणतात. जेथे गेले तेथे त्यांनी आधी झोपड्या व मग प्रार्थनेचे मांडव उभारले.

आणि जमिनीचे काय? २०१६ साली झारखंड सरकारने १९०८ च्या त्याच कुळकायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक विधानसभेत संमत करून घेतले. त्यामुळे शेतजमीन बिगरशेती कामास लावणे सोपे होणार होते. सर्व पठारभर विरोध उठला. राज्यपाल द्रौपदी मुर्मू, ज्या स्वतः संथाळ असून २०२२ साली राष्ट्रपती झाल्या, त्यांनी २०१७ साली ते विधेयक परत पाठविले आणि सरकारने ते मागे घेतले. त्या दिवसांत रांचीच्या रस्त्यांवर जे उतरले होते, त्यांत ख्रिस्ती होते आणि सरना धर्माचेही होते.