पुन्हा धावणारा बंब

आगीच्या गाडीला मराठी माणूस 'बंब' म्हणतो. हा शब्द पोर्तुगिजांच्या भाषेतून आपल्याकडे आला. तेथे त्याचा अर्थ पाणी उपसण्याचे यंत्र, म्हणजे पंप असा आहे. आपल्या घरात तोच शब्द न्हाणीघरातल्या पाणी तापवण्याच्या तांब्याच्या भांड्यालाही चिकटला. एकाच शब्दाने एकीकडे विस्तव पोटात घेऊन पाणी तापवणारे भांडे ओळखले जावे आणि दुसरीकडे पाणी फेकून विस्तव विझवणारे यंत्र ओळखले जावे, ही भाषेची गंमत आहे. पण आगीच्या गाडीपुरते पाहिले तर हे नाव नेमके आहे. तांबडा रंग, पितळेची घंटा आणि उंच शिडी ही तिची शोभा होय. तिचा प्राण पंपात असतो. म्हणूनच एखादा जुना बंब 'दुरुस्त झाला' असे केव्हा म्हणायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

माणसांच्या हातांनी दांडे खालीवर करून चालवायचे पंप अठराव्या शतकात युरोपातील शहरांत रूढ झाले. १८२९ साली ब्रेथवेट आणि एरिक्सन या दोघांनी लंडनमध्ये वाफेवर चालणारा पंप तयार केला. तरी तो आगीपर्यंत ओढून नेण्याचे काम घोड्यांकडेच राहिले. पुढे पेट्रोलचे इंजिन आले. १९०४ साली लंडनजवळच्या फिंचली येथे मेरिवेदर कंपनीचा जो बंब दाखल झाला, त्याचे इंजिन गाडी चालवीत असे आणि जागेवर पोहोचल्यावर पंपही फिरवीत असे. मुंबईने या बदलाला फार काळ लावला नाही. १८८७ मध्ये तेथे पूर्णवेळ अग्निशामक दल उभे राहिले, १८८८ च्या कायद्याने ते महानगरपालिकेकडे आले आणि १९०७ मध्ये पहिला मोटारबंब शहराच्या रस्त्यावर उतरला.

त्याच पिढीतील एक बंब आजही भारतात आहे. इंग्लंडमधील मँचेस्टरलगतच्या सॅल्फर्ड येथील जॉन मॉरिस अँड सन्स या कंपनीने तो १९१४ साली बांधला. त्याचा सांगाडा मँचेस्टरच्याच बेल्साइझ कारखान्याचा. तो हैदराबाद संस्थानातील निजामाच्या रेल्वेसाठी आला आणि आता नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. तो केवळ काचेआड ठेवण्याची वस्तू होऊन राहिलेला नाही. दिल्लीत १९६४ पासून भरत आलेल्या 'स्टेट्समन' दैनिकाच्या जुन्या मोटारींच्या फेरीत हा बंब आपल्या भरीव रबरी चाकांवर स्वतःच्या बळाने धावलेला लोकांनी पाहिला आहे.

रेल्वेला स्वतःचा बंब कशाला हवा, असे आज कोणाला वाटेल. परंतु निजामाची रेल्वे मराठवाड्याला परकी नव्हती. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असे करीत सिकंदराबादला जाणारा मार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला आणि तो कापूस पिकवणाऱ्या मुलखातून जात होता. मालधक्क्यावर कापसाच्या गाठी, शेजारून ठिणग्या उडवीत जाणारे वाफेचे इंजिन आणि सभोवती लाकडी डबे, असा तो संसार होता. कापसाच्या गाठीला लागलेली आग वरून विझल्यासारखी दिसते आणि आत तासन्‌तास धुमसत राहते. अशा ठिकाणी हाताशी पंप असणे ही चैन नव्हती, गरज होती.

इतक्या जुन्या यंत्राला पुन्हा चालते करायचे म्हणजे काय करावे लागते? पहिली अडचण ही की, सुटे भाग मागवायचे कोणाकडून? बेल्साइझ कंपनी १९२५ च्या सुमारास बुडाली. म्हणजे झिजलेला प्रत्येक भाग मोजून, त्याचा लाकडी साचा करून, ओतून आणि चरकावर कातून नव्याने घडवावा लागतो. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनाचे दट्टे सिलिंडरला गंजाने धरलेले असतात. तेथे जोर करणारा कारागीर यंत्र मोडून बसतो. जाणता कारागीर सिलिंडरमध्ये तेल सोडतो आणि दिवसच्या दिवस वाट पाहतो. दांड्यांच्या बेअरिंगमध्ये कथिल, अँटिमनी आणि तांबे यांची मऊ मिश्रधातू ओतलेली असते. ती पुन्हा ओतून, दांड्याला रंग लावून, रंग उमटेल तेवढाच उंचवटा खरवडायचा, पुन्हा बसवून पाहायचे, पुन्हा खरवडायचे, असे ते काम आहे.

ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचे चुंबक काळाने दुबळे होते. त्याला पुन्हा चुंबकत्व द्यावे लागते आणि त्याची तार नव्याने गुंडाळावी लागते. लाकडी आऱ्यांची चाके वाळून सैल होतात. भरीव रबर पोलादी पट्ट्यावर बसवलेले असते आणि तो पट्टा प्रचंड दाबाने चाकावर चढवतात. आपल्या खेड्यातला लोहार बैलगाडीच्या चाकावर तापवून धाव चढवतो, तेव्हा साधन निराळे असले तरी मेख तीच असते: पट्टा इतका घट्ट बसला पाहिजे की लाकूड आणि लोखंड एकजीव व्हावे. शेवटी पुढचे हँडल मारून इंजिन सुरू करायचे. तेथेही एक शहाणपण लागते. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवावा लागतो, दांड्याला विळखा घालायचा नाही; कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडते.

इंजिन सुरू झाले तरी बंब अजून बंब झालेला नसतो. खरी परीक्षा पाण्याची. नळी विहिरीत सोडली, पण तीत एखाद्या सांध्यातून हवा शिरत असेल तर पंप नुसताच फिरतो. पाणी वर चढते ते बाहेरच्या हवेच्या दाबाने. म्हणून आधी नळीतली हवा काढून टाकावी लागते. कितीही उत्तम पंप असला तरी सुमारे दहा मीटरांपलीकडे पाणी खेचता येत नाही, आणि व्यवहारात ही मर्यादा सात-आठ मीटरांवरच येते. झडपा आणि आवरणे घट्ट बसली, नळीच्या तोंडातून पाण्याची धार सुटली, की मग दुरुस्ती पुरी झाली असे म्हणता येते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो विचार करण्याजोगा आहे. चाके नवी, बेअरिंग नवे, तारा नव्या. मग उरले काय जुने? आणि यंत्र चालवले की ते झिजते, मूळचा भाग कायमचा जातो. त्यापेक्षा ते जसे आहे तसे ठेवावे, असे संग्रहालयांतील काही जाणकार म्हणतात. मूळ भाग निघाला तर तो फेकू नये, त्यावर नोंद करून जपावा आणि नव्या भागावर खूण करावी, हे पथ्य पाळलेच पाहिजे. परंतु स्थिर उभ्या यंत्रात एक गोष्ट जपली जात नाही, ती म्हणजे ते यंत्र चालवणाऱ्या हातांचे ज्ञान. बेअरिंग किती खरवडायचे हे पुस्तकात पुरते लिहिता येत नाही. ते एका हाताकडून दुसऱ्या हाताकडेच जाते.

आणि त्या हातांची आठवण ही मामुली गोष्ट नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके होती. बंब आले, जवानांनी पाण्याचे झोत सोडले. दुपारी चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशामक दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे आणि १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या काळचा बंब घरघरत सुरू होताना ज्याने ऐकला, त्याला हे कळते की ती माणसे कशाच्या भरवशावर ज्वाळांपुढे उभी राहिली होती.

भिलाईला या गोष्टीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएट संघाशी करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ज्या भारतीय रेल्वेच्या संग्रहालयात तो १९१४ चा बंब उभा आहे, तिचे रूळ याच कारखान्यात तयार होतात. येथील विस्तव रोजचा सोबती आहे, आणि तो नेहमी पाण्याला वश होतो असेही नाही; वितळलेल्या लोखंडाखाली पाणी कोंडले तर स्फोट होतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोक भट्ट्यांच्या परिसरातील वायुवाहिनीजवळ आग भडकली, तेव्हा मृतांत कारखान्याच्या अग्निशमन विभागाचे कर्मचारीही होते.

भिलाईची पहिली यंत्रे आता साठी ओलांडून गेली आहेत. जे भंगार म्हणून वितळवायचे ते वितळवलेच पाहिजे. पोलादाच्या गावाला हे शिकवावे लागत नाही. पण एखादे यंत्र मागे ठेवायचे ठरले, तर ते नुसते रंगवून चौकात उभे करावे की कोणीतरी चालवू शकेल असे ठेवावे, हा निर्णय ते चालवणारे हात निवृत्त होण्यापूर्वी घ्यावा लागतो. गंजलेला दट्ट्या तेलात ठेवून सोडवता येतो. माणसाबरोबर गेलेला हातगुण मात्र कोणत्याही साच्यात पुन्हा ओतता येत नाही.