सामाईक फोल्डर

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. दिवाळीत नातू परभणीला आला होता, त्याच्यामुळे हा विषय निघाला.

आमच्या घराचा वरचा मजला धाकट्या भावाचा. तो मुलाकडे छत्रपती संभाजीनगरला राहायला गेला (माझ्या तोंडी अजून औरंगाबादच येतं, सवय जात नाही), त्याला बरीच वर्षं झाली. खोल्यांची किल्ली माझ्याकडे. तिथे त्याचा जुना संगणक कापडाखाली झाकून ठेवलेला आहे. नातवाने कापड काढलं, बटण दाबलं आणि काय आश्चर्य, चालू झाला की! स्लॅबच्या भोकातून खाली येणारी निळी केबल अजून लोंबत होती. ती त्याने आपल्या लॅपटॉपला जोडली. दोन्ही यंत्रांना एकमेकांचा पत्ता लागला, पण जुन्याचा फोल्डर नव्यात उघडेना. नातू म्हणाला, "आबा, तुमचा हा कॉम्प्युटर जी भाषा बोलतो ना, ती आता बंद केलीये."

भाषा बंद केली! मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. भाषा बंद होणं म्हणजे काय हे आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना कोणी सांगायला नको. आमचे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. कचेरीचे कागद उर्दूत. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य गेलं आणि दोन पिढ्यांत घरातल्या ट्रंकेतले कागद घरातल्याच माणसांना वाचता येईनासे झाले. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा जुनी दप्तरं निघाली, पण उर्दू आणि मोडी वाचणारे शोधत फिरावं लागलं. तर संगणकाचीही अशी काही मोडी असते, हे ऐकून मी नातवाला बसवूनच घेतलं. नंतर स्वतःही बरंच वाचलं. ते आज सांगतो.

आधी 'शेअर' म्हणजे काय ते आपल्या शब्दांत. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला 'सामाईक' हा शब्द शिकवावा लागत नाही. सामाईक विहीर असते, सामाईक धुरा असतो, सामाईक वाट असते. विहीर एकाच्या शिवारात, पण पाण्याच्या पाळ्या दोघांच्या. कोणाला नुसतं प्यायला पाणी, कोणाला मोटार बसवायचा हक्क. संगणकात अगदी हेच असतं. फोल्डर एकाच्या संगणकात, पण दुसऱ्याला दिसतो. दुसऱ्याने तो नुसता वाचायचा की त्यात लिहायचं-खोडायचंही, हे मालकाने ठरवायचं. आणि सामाईक विहिरीवरून जेवढे दावे कोर्टात पडून आहेत, ते पाहता हा हक्क नीट ठरवणं किती महत्त्वाचं, हे वेगळं सांगायला नको.

संगणक तारेने एकमेकांना जोडायची आज रूढ असलेली पद्धत १९७३ ची. कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे झेरॉक्स कंपनीची संशोधनशाळा होती. तिथल्या बॉब मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये एक टिपण लिहून 'इथरनेट' मांडलं. गंमत म्हणजे निकड होती ती छपाईची. लेझर प्रिंटर एक आणि छापणारे अनेक. भांडं एक आणि खाणारे दहा, यातूनच सगळी सामाईक व्यवस्था जन्माला येते.

पण तार जोडली म्हणजे बोलणं झालं असं नाही. काय बोलायचं, 'ही फाईल दे', 'ही मी उघडली आहे, तू थांब', हे ठरावं लागतं. ती बोली आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी १९८३ च्या सुमारास तयार केली. सुरुवातीला त्यांनी तिला आपल्याच नावाची आद्याक्षरं दिली होती, 'बीएएफ'. बाहेर पडेपर्यंत नाव बदलून 'एसएमबी' झालं. पुढे मायक्रोसॉफ्टने ती उचलली, वाढवली, आणि १९९२ च्या 'विंडोज फॉर वर्कग्रुप्स'पासून ती साध्या टेबलावरच्या संगणकातही येऊन बसली.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. १९९१ च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल नावाचा संशोधक विद्यार्थी होता. त्याला आपल्या साध्या डॉसवाल्या संगणकावरून विभागातल्या मोठ्या युनिक्स संगणकावरच्या फाईली हव्या होत्या. दोघांच्या बोली वेगळ्या. त्याच्याकडे ना व्याकरण ना शब्दकोश. मग त्याने काय करावं? तारेतून जाणारे-येणारे बोल नुसते ऐकत बसला! हा असं म्हणतो, मग तो तसं उत्तर देतो. अनोळखी गावात चहाच्या टपरीवर बसून लोकांचं बोलणं ऐकत भाषा उचलावी, तसं. घरात आलेली तेलंगी सून सहा महिन्यांत अस्खलित मराठी बोलते, तिला कुठे कोणी व्याकरण शिकवलेलं असतं? आमच्या शिक्षणखात्याच्या डोक्यात हे कधी शिरलं असतं तर बरं झालं असतं, पण असो.

पठ्ठ्याने जानेवारी १९९२ मध्ये आपला प्रोग्राम जगाला फुकट वाटला. मजा अशी की, आपण आयबीएमची ती एसएमबी बोलीच शिकलो आहोत, हे त्याला तेव्हा ठाऊकही नव्हतं. पुढे त्याने ठेवलेल्या नावावर दुसऱ्या एका कंपनीचा हक्क निघाला. मग त्याने संगणकातल्या शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारे शब्द शोधले. त्यात निघाला 'सांबा', ब्राझीलचा नाच. नातवाने हे सांगितलं तेव्हा मला आधी शोलेतला सांभा आठवला आणि मग आमच्या आईच्या तोंडचा सांब सदाशिव.

हा सांबा आता कुठे कुठे असतो म्हणता? घरात किंवा ऑफिसात फाईली साठवायला जी छोटी डबी मिळते, तिच्या पोटात बहुधा तोच असतो. मात्र ऐकून शिकलेल्या माणसाची अडचण अशी, की बोलणाऱ्याने मुद्दाम बोली फिरवली तर पुन्हा पहिल्यापासून कान द्यायचा. हे भांडण युरोपात गेलं. २००४ मध्ये युरोपियन आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि इतरांच्या संगणकांशी बोलण्याचे नियम उघड करा असंही बजावलं. कंपनी कोर्टात गेली, सप्टेंबर २००७ मध्ये हरली, आणि त्याच डिसेंबरात सांबावाल्यांना ते व्याकरण अधिकृतपणे मिळालं. त्याचे एकदाच दहा हजार युरो भरावे लागले. सोळा वर्षं ऐकून शिकलेल्याला अखेर पाठ्यपुस्तक मिळालं!

आपल्याकडे ही गोष्ट घरातून नव्हे, बँकेतून आली. १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीने बँकांच्या शाखांत खतावणीची यंत्रं बसवायची शिफारस केली. सुरुवातीची यंत्रं सुटी सुटी. शाखा-शाखांतली यंत्रं तारेने एक व्हायला पुढे बराच काळ गेला. आणि खेड्यांचं म्हणाल तर वारणानगरचं उदाहरण आहे. १९९८ मध्ये वारणेच्या सहकारी संस्था, केंद्र आणि राज्य सरकार यांनी मिळून कोल्हापूर-सांगलीतल्या सत्तरेक गावांना संगणकाने जोडायचा प्रकल्प काढला. ऊस उत्पादकाला गावातच आपल्या टनाचा नि बिलाचा हिशेब कळावा. त्या वेळी त्याचं फार कौतुक झालं. पण काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्याच बंगळूरच्या संशोधकांनी तिथे जाऊन पाहिलं, तर संगणकांचा मुख्य उपयोग तेवढ्या उसाच्या हिशेबापुरता उरलेला. त्यांनी काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या एसएमएसवर तेच काम करून दाखवलं, आणि ते स्वस्तात झालं. मला यात वारणेचा कमीपणा वाटत नाही. शेतकऱ्याला फोल्डर नको होता, आपला आकडा हवा होता, इतकंच.

आता आमचं घर.

आम्हा शिक्षकांना एमएस-सीआयटीची परीक्षा द्यावी लागली, त्या धास्तीतून घरात संगणक आला. पाठोपाठ भावानेही घेतला. २००७ मध्ये एका दुकानातल्या पोराने स्लॅबला भोक पाडून केबल टाकली. साधी नव्हे, उलट जोडणीची. दोनच संगणक थेट जोडायचे तर एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी यावं लागतं, म्हणून आतल्या तारा अदलाबदल करतात, असं तो म्हणाला. पत्ते दिले १९२.१६८.०.१ आणि १९२.१६८.०.२. हे आकडे जगातल्या लाखो घरांत सारखेच असतात. १९९६ मध्ये ते घरगुती वापराला राखून ठेवले. 'मारुतीच्या देवळामागे' हा पत्ता कसा प्रत्येक गावात चालतो, पण गावाबाहेर पाकिटावर लिहून उपयोग नाही, तसं. माझ्या संगणकात 'घर' नावाचा फोल्डर केला, आणि भावाला बदल करायची मुभा देणाऱ्या चौकटीत टिचकी मारून दिली. सख्ख्या भावाला नुसतं वाचायला द्यायचं, हे मनाला पटेना.

त्या फोल्डरात घरपट्टीच्या पावत्या होत्या, लग्नांचे फोटो होते, आणि आईच्या ओव्या होत्या. २००८ च्या उन्हाळ्यात मी हातातल्या छोट्या यंत्रावर त्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. अकरा फाईली. संगणकात घेतल्या आणि यंत्र रिकामं करून दुसऱ्याला दिलं.

२००९ मध्ये पुतण्याला सिनेमे ठेवायला जागा हवी होती. त्याने वरून 'घर'मधलं काही काही उडवलं. आपल्याच संगणकावरची फाईल खोडली तर ती कचऱ्याच्या टोपलीत जाते, तिथून परत काढता येते. पण तारेवरून दुसऱ्याच्या फोल्डरातली खोडली तर ती टोपलीत न जाता थेट जाते. हे मला त्या दिवशी कळलं. त्यावर सिनेमे लिहिले गेले होते, त्यामुळे दुकानदारानेही हात टेकले. मी पुतण्याला वाटेल ते बोललो, फोल्डरची वाट बंद केली. पण काय गेलं ते मात्र कोणाला सांगितलं नाही. आई खालच्याच खोलीत अंथरुणाला खिळलेली, आता गाणं शक्य नव्हतं. पोराच्या मनाला लागलं असतं. पुढच्या वर्षी आई गेली. भावाशी माझं बोलणं चालू राहिलं, पण पूर्वीसारखं नाही. त्याला वाटत राहिलं, दादा चार पावत्यांसाठी पोरावर इतका चिडला.

तर दिवाळीतली गोष्ट. ती बंद झालेली भाषा पुन्हा सुरू करता येते, नातू म्हणाला, पण करायची नाही. मग त्याने २०१७ ची हकीगत सांगितली. एसएमबीची पहिली आवृत्ती इतकी जुनी आणि भोळी, की सप्टेंबर २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच माणसाने 'कृपा करून ती वापरू नका' म्हणून जाहीर विनवणी केली होती. कोणी ऐकतं का? अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने तिच्यातलं एक भगदाड शोधून जवळ ठेवलं होतं, ते चोरांच्या हाती लागलं. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाची कीड सुटली. दीडशेच्या वर देशांत संगणक कुलूपबंद, इंग्लंडमध्ये इस्पितळांतली कामं अडली, आपल्याकडे आंध्रच्या पोलिसांचे संगणकही सापडले. भगदाड बुजवायचं औषध मार्चमध्येच निघालं होतं. ज्यांनी ते लावलं नाही, ते बुडाले. त्याच वर्षाअखेरीपासून नव्या विंडोजमध्ये ही जुनी बोली मुळात बसवूनच येत नाही. आणि एक्सपीला तर तेवढीच येते. दुसरी आवृत्ती व्हिस्टाबरोबर आली.

"मग आता?" मी विचारलं. त्याने खिशातून पेन ड्राईव्ह काढला. चाळीस वर्षांचा इतिहास ऐकवून शेवटी खिशातून न्यायचं ते न्यायचंच!

भावाच्या संगणकातले फोटो उतरवता उतरवता तो म्हणाला, "आबा, इथे 'आई' नावाचा एक फोल्डर आहे. नऊ फाईली. गाणी आहेत वाटतं."

मी खुर्चीत बसलो.

रात्री भावाला फोन लावला. तो म्हणाला, "अरे दादा, तेव्हा भारनियमन नव्हतं का? तुझी लाईट गेली की तुझा कॉम्प्युटर बंद, म्हणजे माझ्याकडे फोल्डर गायब. मला वर इन्व्हर्टर होता. रात्री आईचं ऐकावंसं वाटायचं, म्हणून होत्या तेवढ्या उतरवून घेतल्या. शेवटच्या दोन तू नंतर टाकल्यास, त्या राहिल्या."

"मला सांगायचं नाहीस?"

"तुझ्याकडे होत्याच की. त्या गेल्या हे तू कुठे बोललास?"

मग थोडा वेळ दोघेही गप्प. नंतर त्यानेच विचारलं, "सातवीत ती मधेच थांबून तुला म्हणते बघ, चहा ठेव म्हणून. ऐकलंस का?"

म्हटलं, अजून तिसरीवरच आहे.