कोंबड्यांना अँटिबायोटिकऐवजी ‘चांगले जीवाणू’: प्रोबायोटिक्स नेमकं काय करतात?

जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या अचानक दगावल्या. तपासणीत निदान झालं बर्ड फ्लूचं. हा विषाणूमुळे होणारा आजार. अँटिबायोटिक चालतं ते फक्त जीवाणूंवर, त्यामुळे इथे त्याचा उपयोग नसतो. तरीही अनेक पोल्ट्रींमध्ये आजार नसतानाही, पक्ष्यांचं वजन लवकर वाढावं म्हणून खाद्यातून थोडं थोडं अँटिबायोटिक दिलं जातं.

यात धोका काय?

कमी मात्रेत सतत मिळणाऱ्या औषधाला जीवाणू दाद देईनासे होतात. असे जीवाणू कच्चं मांस, विष्ठा आणि सांडपाण्यातून माणसांपर्यंत पोहोचू शकतात. म्हणूनच युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठी अँटिबायोटिक देण्यावर बंदी घातली. भारताने जुलै २०१९ मध्ये कोंबड्या आणि इतर पशूंसाठी कोलिस्टिन वापरण्यावर बंदी आणली. माणसांच्या गंभीर संसर्गात हे शेवटच्या उपायांपैकी एक औषध आहे.

चांगले जीवाणू कसे काम करतात?

कोंबडीखाली वाढणाऱ्या पिल्लाला आईकडून आतड्यातले उपयोगी जीवाणू मिळतात. हॅचरीतल्या पिल्लाला आई भेटतच नाही. त्याच्या आतड्यात साल्मोनेलासारखा घातक जीवाणू आधी शिरला, तर तोच जागा पकडतो. फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला या संशोधकांनी १९७३ मध्ये दाखवलं, की निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जीवाणू पिल्लांना दिले तर साल्मोनेलाला अटकाव होतो. लॅक्टोबॅसिलस तर आम्लही तयार करतो आणि त्यात घातक जीवाणूंची वाढ मंदावते.

वापरताना काय लक्षात ठेवायचं?

प्रोबायोटिक्स खाद्यातून किंवा पाण्यातून देतात. पाण्यात क्लोरीन जास्त असेल किंवा सोबत अँटिबायोटिक सुरू असेल, तर हे जीवाणूही मरू शकतात. उन्हाच्या ताणाने कोंबडीचं आतडं कमजोर होतं, त्यामुळे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सावली आणि थंड पाणीही तितकंच गरजेचं.

मग अँटिबायोटिक बंदच करायचं?

नाही. प्रोबायोटिक्स आजार टाळायला मदत करतात, झालेला आजार बरा करत नाहीत. बर्ड फ्लूही रोखत नाहीत. जीवाणूंचा आजार झाला तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने योग्य मात्रेत अँटिबायोटिक द्यावंच लागतं. औषध दिल्यावर ठरलेले दिवस उलटेपर्यंत ते पक्षी विकायचे नसतात. पक्षी अचानक मरू लागले, तर औषधाच्या दुकानाऐवजी आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.