वाल, गावरान : बियाण्याचे जतन

वाल हा शिंबावंत (फॅबेसी) कुलातील वेल. शास्त्रीय नाव लॅबलॅब पर्प्युरियस. बहुतेक गावरान वाण दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत, म्हणून पावसाच्या सुरुवातीला परसात मांडवालगत टोकलेल्या वालाला शेंगा थंडीत लागतात. फुलांत बहुधा स्वपरागण होते, त्यामुळे घरच्या घरी वाण शुद्ध राखणे अवघड नाही. तरी मधमाश्या-भुंग्यांमुळे थोडा संकर होतोच, तेव्हा दोन वाण शेजारी लावू नयेत. बियाण्याचा जोमदार, निरोगी वेल आधीच हेरून ठेवावा आणि त्याच्या शेंगा भाजीसाठी तोडू नयेत. खाऊन उरले ते बियाणे, या सवयीने वाण हमखास खालावतो. शेंग वेलावरच वाळून आत दाणे खुळखुळले की काढावी. दाण्यावर नखाची खूण उमटली तर तो अजून ओला आहे; सावलीत आणखी वाळवावा. कीड लागू नये म्हणून बी कोरड्या, चाळलेल्या राखेत घोळवून मडक्यात भरतात व तोंड लिंपतात. अकोले तालुक्यातील (जि. अहिल्यानगर) कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी वालाचे अनेक गावरान वाण जपले, देशी बियाणे संवर्धनासाठी त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.