घरची शाळा आणि पहाटेचा धडा

खासगी शाळा सोडून मुलांना घरीच ऑनलाइन शिकवावं का, हा प्रश्न नवा. घरी शिकण्याची रीत मात्र जुनी आहे. १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाई लहानपणी शाळेत गेल्याच नाहीत. त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं होतं. लक्ष्मीबाई भल्या पहाटे, घरकामाला हात लागण्याआधी, लेकीला झोपेतून उठवून तिच्याकडून श्लोक पाठ करून घेत. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘सरस्वती’ ही पदवी दिली, तिच्यामागे या पहाटा होत्या. रमाबाई रानडेही घरातल्या बायकांची बोलणी खात पती न्यायमूर्ती रानड्यांकडे घरीच शिकल्या.

ही माणसं असामान्य होती, असं कुणी म्हणेल. खरंच आहे, आणि माझा मुद्दा तोच आहे. ज्या घरांत लक्ष्मीबाई नव्हत्या, तिथल्या मुलींना अक्षर दिसलं नाही. म्हणून तर १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात सावित्रीबाई फुल्यांना शिकवायला उभं राहावं लागलं. आता शिक्षक पडद्यावर येतो, मग घरात विद्वान कशाला हवा, हा आक्षेप रास्त आहे. विद्वान नसला तरी चालेल. पण मुलाला उठवून त्याच्या शेजारी रोज बसणारं माणूस लागतंच. फीचा हिशेब मांडण्याआधी आईबापांपैकी कुणाची सकाळ मोकळी आहे, ते बघावं.